आईला उलटं कसं धरायचं

आईचा एक नेम होता. सकाळी उठल्यावर चहाचा पहिला घोट घ्यायच्या आधी ती नटायची. नटायची म्हणजे अगदी पुरतं, कुठे लग्नाला निघाल्यासारखं. केस विंचरून मागे घट्ट गाठ, गाठीत शिंपल्याची पिन, गालांवर पावडरीचा हलका हात, ओठांना लाली आणि अंगावर त्या दिवसाचा रंग. एवढं झालं की खिडकीतल्या निळ्या खुर्चीत बसून, रस्त्यावरची ये-जा बघत ती चहा घ्यायची. कोणी येणार असो वा नसो. अंगात ताप असला तरी हा नेम चुकला नाही. नवरा गेल्यानंतरच्या पहिल्या सकाळीही ती तशीच खुर्चीत बसली, तेव्हा शेजारणींनी एकमेकींकडे पाहिलं होतं. आई त्यांना शांतपणे म्हणाली होती, की जन्मभर ज्याने मला असं पाहिलं त्याला वरून बघताना ओळख पटायला नको का.

तिची मुलगी त्याच इमारतीत दोन मजले वर राहायची. कामावर तिला सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत, आणि आई म्हणायची ‘मुंगी’, कारण लहानपणापासून ही पोर कधी एका जागी टेकली असेल तर शपथ. आता पोरीची साठी जवळ आली होती, पण मुंगीपण काही सुटलं नव्हतं. बाई एका मोठ्या फॅशन मासिकाच्या संपादक होत्या. कोणत्या कोटाची कॉलर यंदा रुंद होणार, कोणता रंग माघारी जाणार, हे त्यांनी सांगावं आणि दुकानांनी ऐकावं, अशी त्यांची सत्ता होती. सत्ता मोठी असली तरी बोलणं मऊ होतं. कामात मात्र त्या कोणाला सूट देत नसत, स्वतःलाही नाही.

मुखपृष्ठ निवडायची त्यांची एक रीत होती. फोटोची मोठी छापील प्रत टेबलावर यायची आणि बाई ती सरळ बघायच्याच नाहीत. आधी उलटी करायच्या, डोकं खाली, पाय वर. त्यांचं म्हणणं असं, की फोटो सरळ असला की आपण चेहरा बघतो, आणि चेहऱ्याला भुललं की बाकी काही दिसत नाही. उलटा केला की चेहरा बाजूला होतो आणि नुसते रंग नि आकार उरतात. मग खरं काय ते कळतं. कितीतरी नामांकित सुंदऱ्या त्या टेबलावर डोक्यावर उभ्या राहून नापास झाल्या होत्या.

कपड्यांबाबतही बाईंचं एक ठाम मत होतं. वय वाढलं की माणूस आवाज खाली आणतो तसे रंगही खाली आणावेत, असं त्यांनी पन्नाशी ओलांडली तेव्हा लिहिलं होतं. ते फार गाजलं. ते वाचून कितीतरी बायकांनी आपले लाल-पिवळे कपडे पेटीच्या तळाला घातले. बाई स्वतः तेव्हापासून कोळशाच्या रंगाशिवाय काही घालत नव्हत्या. कोळशाचा कोट, त्याच्या आत कोळशाचा सदरा, पायात कोळशाचे बूट. आईने तो लेख चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, व्याकरण चांगलं आहे म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी नारिंगी रंग घालून खिडकीत बसली.

तर अशी ही मायलेकींची जोडी. एकीने रंग सोडले होते आणि दुसरी ते सोडायला तयार नव्हती. भांडण मात्र कधी नाही.

मासिकाचा वर्धापन अंक तोंडावर आला तेव्हा बाईंनी ठरवलं, की यंदाचा अंक वयावर काढायचा. मासिकाचे मालक मनाने लोण्यासारखे आणि अंगानेही जवळपास तसेच. त्यांना कल्पना आवडली. फक्त मुखपृष्ठावर म्हातारी बाई म्हटल्यावर ते खुर्चीत चुळबुळले. मग त्यांनीच तोड काढली. एखादी तरुण मुलगी घ्यायची आणि तिला पांढऱ्या केसांचा टोप घालायचा. म्हणजे म्हातारपणही दिसेल आणि सुरकुत्यांचाही त्रास नाही. टोप त्यांनी बघूनही ठेवला होता.

बाई सहसा तडकाफडकी काही बोलत नसत. त्या दिवशी बोलून गेल्या. मुखपृष्ठावर माझी आई असेल, ऐंशी पार केलेली, आणि तिच्या चेहऱ्याला इस्त्री होणार नाही.

इस्त्री हा त्या कचेरीतला शब्द. तिथे फोटो साफ करणारे एक गृहस्थ होते. संगणकावर बसून ते चेहऱ्यावरच्या रेषा, डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं अशी काही बेमालूम पुसायचे, की त्यांचं नावच पडलं इस्त्रीवाले. एवढे चेहरे त्यांच्या हाताखालून गेले होते, की जिवंत माणसाचा चेहराही त्यांना अर्धवट राहिलेलं काम वाटायचा. घरी भांडण झालं आणि बायकोच्या कपाळावर आठी पडली, की आपला उजवा हात आपोआप टेबलावर सरकतो, हे ते स्वतःच हसत सांगत.

मालकांनी मान डोलावली, पण टोपाची पेटी काही परत पाठवली नाही. आईंचं जमलं तर उत्तम, नाहीतर हे आहेच, असं म्हणून त्यांनी ती कपाटावर ठेवली. बाईंना रोज येता-जाता ती दिसायची.

आईला विचारलं तेव्हा ती लाजली. मग म्हणाली, की एवढी वर्षं दुसऱ्यांच्या मुलींना मुखपृष्ठावर चढवलंस, शेवटी आईची आठवण झाली म्हणायची. एक अट तिने घातली. मी कुठे येणार नाही, फोटो माझ्या खिडकीत काढायचा.

ठरल्या दिवशी कचेरीतली फोटोवाली मुलगी दिवे, छत्र्या, वायरी असा पसारा घेऊन आली. आई तयारच होती. अंगात तिने स्वतः शिवलेला टोमॅटोच्या रंगाचा कोट, त्याला बशीएवढी काळी बटणं, आणि केसांत शिंपल्याची पिन. फोटोवालीच्या तोंडून कौतुकाचा शब्द निघणार होता, तोच बाई पुढे झाल्या. हा कोट घरात छान दिसतो आई, असं त्या हळूच म्हणाल्या आणि बरोबर आणलेला झगा त्यांनी उलगडला. मळकट पांढरा, सैल, पायघोळ, फार महागाचा. त्या रंगाला त्यांच्या व्यवसायात शालीन म्हणतात.

आईने तो घातला. ओठांची लाली पुसायला सांगितली तर पुसली. शिंपल्याची पिन काढून केस मोकळे सोडायला सांगितले तर सोडले. उशीच्या अभ्र्यात शिरल्यासारखं वाटतंय एवढं ती म्हणाली, पण हसत. मुलीचं काम होतं, मुलीला त्यातलं कळत होतं. आणि आईपण म्हणजे तरी दुसरं काय, मुलाने पुढे केलेल्या बाहीत हात घालणंच की. ती निळ्या खुर्चीत बसली आणि दंतवैद्याच्या दारात नंबर यायची वाट बघावी तसं कॅमेऱ्याकडे बघत राहिली.

फोटो टेबलावर आला तेव्हा कचेरी गप्प झाली. प्रार्थनेच्या वेळी होते तशी. कोणी म्हणालं, किती प्रांजळ. कोणी म्हणालं, एकेक सुरकुती बोलते आहे. मालकही आले आणि पोटावर हात बांधून उभे राहिले. त्यांना फोटो आवडला नव्हता, पण सगळे एवढे गंभीर बघून त्यांनी आवडला म्हणून टाकलं.

रीतीप्रमाणे बाईंचा हात फोटोच्या कडेशी गेला. आता प्रत फिरवायची, डोकं खाली करायचं. पण हात तिथेच थबकला. फोटोतून आई बघत होती. जिच्या पायाला चुकून आपला पाय लागला तर आपण दचकतो, तिला टेबलावर डोक्यावर उभी करायची? ते त्यांच्याने झालं नाही. त्यांनी प्रत सरळच ठेवली आणि म्हणाल्या, हाच.

इतक्या वर्षांत न उलटता पास झालेला तो पहिला फोटो.

संध्याकाळी तो घेऊन त्या आईकडे गेल्या. आईने चष्मा पुसला, लावला, फोटो मांडीवर घेतला.  मग विचारलं, “मुंगे, मी अशी दिसते?”

बाईंनी तिला समजावलं. हा चेहरा खरा आहे, या रेषा म्हणजे तू जगलेली वर्षं आहेत, लपवायचं काय त्यात, वगैरे वगैरे. लेखात शोभावं असं सगळं त्या बोलल्या. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ते सगळं खरं असेल गं. पण मला रोज आरशात दिसते ती ही नाही. तुझ्या त्या माणसाला सांग जरा इस्त्री मारायला.”

तेच तर करायचं नाही, असं बाई म्हणाल्या. मी सगळ्यांना शब्द दिला आहे.

“शब्द तू दिलास,” आई म्हणाली. “चेहरा माझा आहे.” आणि फोटो उपडा करून ठेवला.

एवढ्यावर हे थांबलं असतं तर बाईंनी आईची दुसऱ्या दिवशी पुन्हा समजूत घातली असती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कामाला निघाल्या, सवयीने रस्त्यावरून वर पाहिलं, आणि खिडकीत निळी खुर्ची रिकामी होती.  आल्या पावली त्या धावत मागे वळल्या. दार उघडं होतं. आई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली होती, रात्रीच्याच कपड्यांत, केस न विंचरलेले, पुढे चहाचा रिकामा कप. चहा झाला होता. नेम मोडला होता.

बरं नाही का, म्हणून बाईंनी कपाळाला हात लावला. कपाळ थंडगार.

“बरी आहे मी,” आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता आणि तेच वाईट होतं. “म्हटलं, कोणासाठी नटायचं. मला वाटायचं मी बरी दिसते. एवढी वर्षं खाली लोक मान वर करून बघायचे, ते हसत असतील बिचारे.”

 चष्मा काढून टेबलावर ठेवलेला बाईंना दिसला. आरशावर टॉवेल टाकलेला दिसला. आपण म्हातारपणाचा मान राखायला निघालो आणि एका म्हातारीला एका रात्रीत म्हातारी करून बसलो, एवढंच त्यांच्या डोक्यात येत राहिलं. मुखपृष्ठाचं काय व्हायचं ते होवो. ती खुर्ची तशी रिकामी राहता कामा नये.

दोन दिवस खुर्ची रिकामीच राहिली. तिसऱ्या दिवशी बाईंनी गपचूप इस्त्रीवाल्यांच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं आणि आपला शब्द आपणच मोडला. म्हणाल्या, थोडी करा. अगदी थोडी. निदान तिला तिचा फोटो आवडू दे.

इस्त्रीवाल्यांनी मोठ्या आनंदाने बोटं मोडली. चांगले दोन तास ते बसले. मग त्यांनी बाईंना बोलावलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. पडद्यावर उकडून सोललेला बटाटा होता, त्याला दोन डोळे.

“बाई, सुरुवात कुठे करायची ते कळलं,” ते म्हणाले. “पण थांबायचं कुठे तेच सापडेना. एक रेष काढली की शेजारची उघडी पडते. आणि काही केल्या आजी खुश होईनात.”

छापखान्याला पान द्यायचा दिवस उद्यावर आला होता. कपाटावरची टोपाची पेटी आता खाली, मालकांच्या टेबलावर आली होती. बाईंनी दोन्ही प्रती गुंडाळल्या, साधी आणि बटाट्याची, आणि दुपारीच घर गाठलं. आईला विचारायचं, यातली कोणती देऊ, आणि ती नाही म्हणाली तर मालकांना त्यांची टोपवाली मुलगी घ्यायला मोकळं सोडायचं, असं त्यांनी वाटेत ठरवलं.

आई पलंगावर बसून मटार सोलत होती. चष्मा अजून टेबलावरच पडलेला. बाईंनी साधी प्रत तिच्या हातात दिली आणि दुसरी उलगडायला वळल्या. मागून आईचा आवाज आला. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यात जरा जान होती.

“खुर्ची मात्र सुरेख आली आहे हं. पण नुसत्या रिकाम्या खुर्चीचा कशाला काढला फोटो?”

बाई वळल्या. चष्म्यावाचून आईने प्रत उलटी धरली होती. डोकं खाली, पाय वर. बाईंनी बघितलं, आणि त्यांची नजर त्यांना न विचारताच कामाला लागली. वर निळा ठसठशीत आकार. त्याच्या आजूबाजूला पडद्याचा मळकट पांढरा. आणि खुर्चीवर, तोच मळकट पांढरा. पडदा कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो, काही पत्ता नाही. खरंच कोणी नव्हतं त्या खुर्चीवर. त्यांनी स्वतःच्या हाताने आईला पुसून टाकलं होतं, आणि तेही इस्त्रीवाल्यांना हात न लावू देता. सुरकुत्यांचा काही दोष नव्हता. सगळी कचेरी सुरकुत्यांकडे बघत बसली आणि खुर्चीतली आई हरवली ते कोणाच्या लक्षातच आलं नाही.

बाई मटकन जमिनीवर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं. आई घाबरली. मटाराचं ताट बाजूला सारून तिने विचारलं, काय झालं गं तुला. मग बाईंनी सगळं सांगितलं. जगातल्या सगळ्या बायांना मी उलटं करून बघते, तुला तेवढं बघितलं नाही. माझ्याने धरवलं नाही.

आईला हे फारच मजेशीर वाटलं.

“अगं, मग धरायचं होतंस,” ती म्हणाली. “शाळेत असताना मी झाडाच्या फांदीला गुडघे अडकवून उलटी लटकायचे. माझ्याएवढा वेळ कोणाला जमायचं नाही.”

उद्या सकाळी पुन्हा फोटो काढायचा, तुझा तो लाल कोट घालायचा, पिन लावायची, लाली लावायची, मी एका शब्दाने अडवणार नाही, असं बाईंनी कबूल केलं. आता आई हिच्या विनवण्यांना भुलेल तर ती आई कसली. तिने डोळे बारीक केले.

“घालते की,” ती म्हणाली. “पण मग तू हे कोळशाचं पोतं काढायचं. माझं पिवळं जाकीट आहे पेटीत. ते घालून समोर उभी राहा, तरच मी बसेन.”

बाईंनी हरकती घेतल्या. मी कुठे फोटोत येणार आहे. ते जाकीट मला व्हायचं नाही. ते पिवळं साधंसुधं नाही, लिंबाच्या सालीसारखं आहे. शेवटी काही सापडेना तेव्हा त्या म्हणाल्या, “आई, लोक काय म्हणतील?”

म्हटलं खरं, आणि स्वतःच थबकल्या. हे वाक्य त्यांनी आपल्या मासिकात कधी कोणाला छापू दिलं नव्हतं. मग वर आपल्या खोलीत जाऊन कपाट उघडून त्या उभ्या राहिल्या. एका ओळीत लटकलेले कोळशाचे कोट. पन्नाशीच्या सुमारास एका समारंभात त्या गर्द निळा झगा घालून गेल्या होत्या, आणि मागे उभ्या असलेल्या दोन मुली काहीतरी बोलून हसल्या होत्या. त्यांच्याबद्दलच बोलल्या की आणखी कशाबद्दल, ते देव जाणे. पण त्याच आठवड्यात त्यांनी तो रंग खाली आणायचा लेख लिहिला. लेखात आवाज होता, डौल होता, विचार होता. त्या दोन मुली मात्र त्यात नव्हत्या. एवढी वर्षं त्या लेखाला आपण मत म्हणत आलो, आणि ती होती भीती, बाईंच्या मनात आलं. नीट शिवलेली, अस्तर लावलेली.

दुसऱ्या दिवशी उजाडल्या उजाडल्या फोटोवाली आली. तिच्या मागोमाग इस्त्रीवालेही आले, न बोलावता. एकदा तरी चेहरा आधी बघावा म्हटलं, असं ते दारातच ओशाळून म्हणाले.

आई निळ्या खुर्चीत बसलेली होती. चहा अजून घ्यायचा होता, कप हातात नुसता धरला होता. टोमॅटोचा कोट, बशीएवढी बटणं, घट्ट गाठ, शिंपल्याची पिन. आरशावरचा टॉवेल मोरीत जाऊन पडला होता. तिने इस्त्रीवाल्यांना आपल्याजवळ बोलावलं, हनुवटी वर केली आणि हळू आवाजात विचारलं, की इथे एक दांडगा केस उगवतो मेला, तो तुमच्या यंत्राने निघतो का. इस्त्रीवाल्यांनी बाई कुठे दिसतात का म्हणून चोरून मागे पाहिलं आणि म्हणाले, निघतो, पण मला बंदी आहे.

“मग चिमटा आणा,” आई म्हणाली. “चिमट्याला तर बंदी नाही ना?”

चिमटा आणला गेला. एवढे चेहरे साफ केलेल्या त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने, जीभ दाताखाली धरून, एक खरा केस उपटला. आई ‘आई गं’ म्हणाली आणि वर ‘थँक्यू’ म्हणाली.

फोटोवालीने दिवे लावले. दोन-तीन फोटो काढले. आई छान दिसत होती, पण पुन्हा दंतवैद्याकडे गेल्यासारखी ताठ झाली होती. कॅमेऱ्यापुढे काहींचं तसं होतं, इलाज नसतो. फोटोवालीने हसा म्हटलं की तिचे फक्त दात दिसायचे. आणि तिची नजर सारखी दाराकडे. मुंगी कुठे राहिली?

मुंगी दाराबाहेर उभी होती. जाकीट अंगात चढलं होतं, पण बाह्या कोपरापाशी संपत होत्या, पाठ फळीसारखी ताणली होती आणि पुढचं बटण काजाला भेटायला काही तयार नव्हतं. जाकिटाच्या गळ्यातून कोळशाचा सदरा डोकावत होता, कारण ऐनवेळी तेवढा धीर झाला नव्हता. देशातल्या निम्म्या कपाटांवर जिचा हुकूम चालायचा ती बाई जिन्यात उभी राहून पोट आत घेत होती. शेवटी तिने डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि आत पाऊल टाकलं.

आईने तिला पाहिलं.

आधी तिचे खांदे हलले. मग कोटाची बटणं हलली. मग कपातला चहा बशीत सांडला आणि आई हसायला लागली, मान मागे टाकून, डोळे गच्च मिटून, शिंपल्याची पिन एका बाजूला कलंडेपर्यंत. गालांवरच्या, डोळ्यांच्या कडेच्या, हनुवटीखालच्या सगळ्या रेषा एकदम जाग्या होऊन कामाला लागल्या. कॅमेरा खटाखट वाजत राहिला. फोटोवालीही हसत होती, त्यामुळे निम्मे फोटो हलले. एक नाही हलला.

“अगं, तू तर बाबांसारखी दिसतेस,” श्वास पुरल्यावर आई म्हणाली. “त्यांनाही माझं जाकीट असंच व्हायचं.”

कपडे बदलायला वेळ नव्हता. छापखान्याचा माणूस दुपारी येणार होता. बाई तशाच, लिंबाच्या सालीत, रस्त्याने चालत कचेरीत गेल्या. वाटेत कोणी हसलं असेलही. त्यांनी बघितलं नाही, कारण फोटो टेबलावर पडायची त्यांना घाई होती. प्रत आली. यावेळी त्यांनी दोन्ही हातांनी कडा धरल्या, मनातल्या मनात आईची माफी मागितली आणि फोटो उलटा केला. पांढऱ्या पडद्यावर लाल रंगाने नुसती उडी घेतली. निळा त्याच्यामागे पाठराखणीला उभा राहिल्यासारखा. बाईंनी मान हलवली. पास.

मालक आले. त्यांनी फोटो सरळ करून पाहिला आणि त्यांच्याही नकळत ते हसायला लागले. मग म्हणाले, की फोटो झकास आहे, पण आई एवढ्या कशाला हसत आहेत हे वाचकांना कसं कळणार. बाई म्हणाल्या, माझ्याकडे बघून. मालकांनी मान वर केली. तेव्हा कुठे त्यांना जाकीट दिसलं. त्यांनी ते वरून खाली, खालून वर बघितलं आणि मोठ्या काळजीने विचारलं, “बाई, तब्येत बरी आहे ना?”

इस्त्रीवाल्यांना तो फोटो तपासायला दिला होता, धूळ-कचरा असेल तर काढायला. ते परत आले ते हात मागे बांधून. कबूल करतो, सवयीने डोळ्याजवळच्या दोन रेषा काढून बघितल्या, असं ते म्हणाले. आजी हसायच्या थांबल्या. लगेच परत ठेवल्या.

टोपाची पेटी मालकांनी घरी नेली. पुढे ऐकायला आलं, की त्यांच्या नातवंडांना तो नाटकात चांगला उपयोगी पडला.

अंक निघाला, त्या दिवशी बाई पहिली प्रत घेऊन आईकडे गेल्या. संपादकांच्या पानावर त्यांनी यावेळी फार थोडं लिहिलं होतं. रंग खाली आणायचं आपण सांगितलं होतं ते चुकीचं होतं, ज्या भगिनींनी ऐकलं त्यांनी कृपा करून पेट्या उघडाव्यात, एवढंच. पिवळ्या जाकिटाच्या बाह्या शिंप्याकडून लांब करून घेऊन आज त्यांनी तेच घातलं होतं. गळ्याभोवती कोळशाचा रुमाल मात्र होता. एका दिवसात सगळं कोणाला जमतं.

आई नटून खिडकीत बसली होती. खालून जाणाऱ्या कोणीतरी हात केला, तिने कपाने उत्तर दिलं. मग अंक घेतला, चष्मा काढून ठेवला, आणि तो आधी नीट उलटा धरला. लांब नेला, जवळ आणला. मग सरळ केला, चष्मा लावला आणि पुन्हा तेवढाच वेळ बघितला. बाई श्वास धरून उभ्या.

“आता मी दिसते,” आई म्हणाली. आणि जरा थांबून, “पण मुंगे, खुर्ची तेवढी झाकली गेली.”